शाळा, मदरसा, कारखाना, गोदाम : छपरावरचं ॲस्बेस्टॉस ओळखा, सांभाळा आणि काढायचंच झालं तर नीट काढा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मोहल्ल्यात दुरुस्तीची कामं निघतात. मदरशाचं छप्पर बदलायचं असतं, वजूखान्यावर नवी शेड टाकायची असते, लूमच्या कारखान्याचे गळके पत्रे पावसाआधी काढायचे असतात. चार पोरं वर चढतात, हातोड्यानं पत्रे फोडतात, तुकडे खाली टाकतात आणि संध्याकाळी झाडू मारला की काम झालं. हे दृश्य आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. पण ते पत्रे जुने सिमेंटचे असतील, तर त्या झाडूनं उडालेल्या धुळीत ॲस्बेस्टॉसचे तंतू असण्याची दाट शक्यता असते. ही धूळ पोरांच्या छातीत जाते आणि तिचा हिशेब वीस-तीस वर्षांनी समोर येतो.

म्हणून जमातीचे ट्रस्टी, मुतवल्ली, शाळेचे संचालक, कारखानदार आणि गोदाममालक यांच्यासाठी ही माहिती आम्ही एका ठिकाणी देत आहोत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. शाबूत पत्रा जागेवर असेपर्यंत त्याचा धोका थोडा असतो. तो फोडला, कापला, घासला की खरा धोका सुरू होतो. तेव्हा घाबरून उद्याच पत्रे पाडायला काढू नका. पुढचं वाचा आणि मग ठरवा.

ॲस्बेस्टॉस म्हणजे काय?

ॲस्बेस्टॉस हे जमिनीतून निघणारं तंतुमय खनिज आहे. ते जळत नाही, कुजत नाही, उष्णता अडवतं आणि स्वस्त पडतं, म्हणून विसाव्या शतकात ते बांधकामात सगळीकडे वापरलं गेलं. पांढरं, तपकिरी आणि निळं असे त्याचे तीन प्रकार जास्त वापरात होते. आपल्याकडच्या सिमेंटच्या पत्र्यात पांढरं म्हणजे क्रिसोटाइल असतं. पत्र्यात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास तंतू आणि बाकी बहुतेक सिमेंट, असं हे मिश्रण असतं.

हे तंतू इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. नाकातोंडातून फुफ्फुसात खोल जातात आणि तिथंच अडकून बसतात. त्यातून ॲस्बेस्टॉसिस होतो, म्हणजे फुफ्फुस कडक होत जातं आणि चालताना दम लागतो. फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सरही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं ॲस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार माणसाला कॅन्सर करणारे म्हणून पहिल्या गटात टाकले आहेत, पांढरंसुद्धा. जो माणूस या धुळीत काम करतो आणि वर सिगारेट-विडीही ओढतो, त्याला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटीनं वाढतो.

ते कुठे कुठे असतं?

आपल्याकडे सगळ्यात जास्त ते छपरावर असतं, म्हणजे नालीदार सिमेंटच्या पत्र्यात. भिवंडी आणि मालेगावचे लूमचे कारखाने, रस्त्याकडेची गोदामं, जुन्या शाळा, बाजाराच्या शेड, शादी हॉलची स्वयंपाकाची जागा, सगळीकडे हेच पत्रे दिसतात. त्याशिवाय या जागा तपासा :

- पावसाच्या पाण्याचे जुने सिमेंटचे पाइप आणि पन्हळी, जुन्या सिमेंटच्या पाण्याच्या टाक्या
- सायझिंगच्या किंवा लाँड्रीच्या बॉयलरवरचं आणि वाफेच्या पाइपवरचं जुनं आवरण, दरवाजाचा दोर, गॅस्केट
- जुन्या इलेक्ट्रिक पॅनलमागचा आणि भट्टीजवळचा राखाडी बोर्ड
- जुन्या सिलिंगचे आणि पार्टिशनचे बोर्ड
- जहाजतोडणीतून बाजारात आलेले जुने पॅनल

यात दोन जाती आहेत हे लक्षात ठेवा. सिमेंटच्या पत्र्यात तंतू घट्ट बांधलेले असतात. बॉयलरच्या आवरणात आणि मऊ बोर्डात ते सैल असतात, हातानं दाबलं तरी भुगा होतो. ही दुसरी जात फार जास्त घातक आहे. तिला स्वतः हात लावायचा नाही.

नुसतं बघून खात्री होत नाही. पत्र्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४५९ हा आकडा दिसला, तर तो ॲस्बेस्टॉस सिमेंटचाच समजा. शिक्का पुसलेला असेल, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या. तपासणी होईपर्यंत जुना सिमेंटचा पत्रा ॲस्बेस्टॉसचाच आहे असं धरून चाला.

कायद्याची बाजू

ब्रिटननं निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसवर १९८५ मध्ये आणि पांढऱ्यावर १९९९ मध्ये बंदी आणली. शेजारच्या नेपाळनंही बंदी घातली आहे. भारतात मात्र सिमेंटच्या पत्र्यावर सरसकट बंदी नाही. खाणींचे परवाने थांबले, पण बाहेरून आणलेल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे बनत राहिले. २०११ मध्ये पूर्ण बंदीची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली.

त्याआधी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कामगारांसाठी मोठा आहे. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे नंतरचं असेल तोपर्यंत ठेवायला सांगितलं. आजार किती उशिरा उगवतो, हे या ४० च्या आकड्यावरूनच कळतं.

काढलेल्या ॲस्बेस्टॉसला २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम लागू होतात. म्हणजे तो साधा राडारोडा नाही.

ब्रिटनमध्ये आपले कितीतरी कोकणी नातेवाईक स्थायिक आहेत. तिथं एखादी जुनी इमारत घेऊन मशीद, मदरसा किंवा दुकान चालवत असाल, तर २०१२ च्या नियमांप्रमाणे इमारतीची जबाबदारी ज्याच्याकडे, त्यानंच ॲस्बेस्टॉस शोधायचं, त्याची नोंद ठेवायची आणि काम करायला येणाऱ्या प्रत्येक कारागिराला ती दाखवायची असते. इमारत २००० सालाआधीची असेल तर हे पहिल्यांदा तपासा.

एक वही करा

हीच पद्धत आपल्याकडे कोणी सक्ती न करताही उचलता येते. त्याला खर्च काही नाही. एका वहीत इमारतीचा साधा नकाशा काढा. कुठे कोणते पत्रे, पाइप, बोर्ड आहेत, ते कधी बसवले, आज कशा अवस्थेत आहेत, ते लिहा आणि फोटो चिकटवा. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, फेरी मारून वही भरा. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, पंखा बसवणारा कोणीही आला की आधी वही दाखवा. ट्रस्टी बदलले की चावीसोबत वहीही नव्या ट्रस्टीच्या हातात द्या. वक्फची इमारत ही अमानत आहे आणि तिथं शिकणारी मुलं त्याहून मोठी अमानत.

ठेवायचं की काढायचं?

पत्रा अखंड असेल, पृष्ठभाग घट्ट असेल, कोणाचा हात लागत नसेल, तर तो राहू द्या. फक्त इतकं पाळा. त्यात ड्रिल मारू नका, खिळे ठोकू नका. शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडू नका आणि जोराच्या पाण्याच्या मशीननं धुऊ नका. पत्र्याखालच्या वर्गातली धूळ कोरड्या झाडूनं न काढता ओल्या फडक्यानं पुसा.

पत्र्याला मोठे तडे गेले असतील, खालून भुकटी पडत असेल, पोरांचा चेंडू किंवा माकडं वारंवार पत्रे फोडत असतील, किंवा इमारतच पाडायची असेल, तर काढणं योग्य. बॉयलरचं आवरण फाटून लोंबत असेल, तर ती खोली त्याच दिवशी बंद करा.

काढायची पद्धत

पहिला धोका पडण्याचा आहे. सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलेल याची खात्री नसते, जुना पत्रा तर मुळीच नाही. पत्र्यावरून चालताना तो फुटून खाली पडलेली माणसं जागच्या जागी दगावतात. त्यामुळे थेट पत्र्यावर पाय नाही. मचाण, आडव्या फळ्या, सेफ्टी बेल्ट आणि खाली जाळी हवीच. त्यानंतर धुळीचा बंदोबस्त असा :

१. सुट्टीच्या दिवसात काम धरा. इमारत रिकामी करा, आजूबाजूच्या घरांना खिडक्या बंद ठेवायला सांगा, दोरी बांधून लहान मुलांना लांब ठेवा.
२. खालचं सामान, चटया, मुसल्ले, पुस्तकं बाहेर काढा. जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरा.
३. पाण्यात थोडा साबण घालून फवारणीच्या पंपानं पत्रे दोन्ही बाजूंनी ओले करा. काम चालू असेपर्यंत ओले ठेवा.
४. बोल्ट आणि जे हुक हाताच्या पान्यानं काढा. गंजले असतील तर बोल्ट कापा, पत्रा नाही. ग्राइंडर, कटर, हातोडा पत्र्याला लावू नका.
५. अख्खा पत्रा दोघांनी धरून हळू उतरवा. वरून फेकू नका.
६. पत्रे जाड प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळून टेप लावा आणि वर मोठ्या अक्षरात ‘ॲस्बेस्टॉस’ लिहा. तुकडे वेगळ्या जाड पिशवीत.
७. शेवटी ओल्या फडक्यानं पुसा. फडकीही कचऱ्यासोबत गुंडाळा. झाडू नाही, घरचा व्हॅक्यूमही नाही.

बॉयलरचं आवरण आणि मऊ बोर्ड यांना ही पद्धत पुरत नाही. त्यासाठी बंदिस्त तंबू, आतली हवा गाळून बाहेर टाकणारं यंत्र आणि कामगारांना धुऊन बाहेर पडायची सोय लागते. ते काम जाणकार कंपनीलाच द्या.

मास्क, दाढी आणि कपडे

तोंडाला रुमाल बांधून किंवा साधा सर्जिकल मास्क लावून हे तंतू अडत नाहीत. एफएफपी ३ दर्जाचा मास्क लागतो आणि तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढी असली की कडेनं हवा आत शिरते आणि मास्कचा उपयोग राहत नाही. आपल्या पोरांच्या बाबतीत हा मुद्दा सोडून चालणार नाही. दाढी असलेल्या कामगाराला बॅटरीवर चालणारा, डोक्यावरून घ्यायचा सैल हूडवाला रेस्पिरेटर द्या. ते जमत नसेल तर त्याला धुळीपासून लांबचं काम द्या. दाढीमुळे कोणाचं काम जाऊ नये आणि कामामुळे कोणाची छाती जाऊ नये.

अंगावर एकदाच वापरायचा पूर्ण सूट घाला आणि तो तिथंच पिशवीत बंद करा. कामाचे कपडे घरी नेऊ नका. कामगाराचे धुळीचे कपडे धुऊन त्याची बायको आजारी पडली, अशा नोंदी जगभर आहेत.

जुने पत्रे कोणाला द्यायचे?

कोणालाच नाही. हे जरा कडक वाटेल, पण आमचं म्हणणं ऐका. निघालेले पत्रे भंगारवाल्याला विकले जातात, नाहीतर सवाबाच्या नियतीनं कोणा गरिबाला झोपडीवर टाकायला दिले जातात. तो माणूस ते कापणार, खिळे ठोकणार आणि त्याची मुलं त्याखाली झोपणार. शाळेतला धोका आपण त्याच्या घरात नेऊन ठेवला, इतकंच होतं. मदत करायची असेल तर नवा लोखंडी पत्रा घेऊन द्या.

विहिरीत, नाल्यात, कब्रस्तानच्या भरावात किंवा पालिकेच्या कुंडीतही हे टाकू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात चौकशी करा. राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथं घातक कचऱ्याची केंद्रं आहेत. ठेकेदाराशी करार करताना वाहतूक आणि विल्हेवाटीचा खर्च त्यातच लिहून घ्या आणि शेवटचं बिल केंद्राची पावती पाहूनच द्या. जो ठेकेदार फार स्वस्तात काम सांगतो, तो पत्रे कुठे टाकणार हे आधी विचारा.

ज्यांनी आधीच असं काम केलं आहे

एकदा धूळ अंगावर आली म्हणून आजार होतोच असं नाही. पण ज्यांनी वर्षानुवर्षं पत्रे कापले, बॉयलर दुरुस्त केले, जहाजं तोडली, त्यांनी खोकला किंवा दम लागत असेल तर डॉक्टरला आपलं जुनं काम आवर्जून सांगावं. आपल्याकडे छातीचं दुखणं म्हटलं की आधी टीबीच डोळ्यांसमोर येतो आणि ॲस्बेस्टॉसचं नावही निघत नाही. ॲस्बेस्टॉसिस हा कायद्यानं मान्य केलेला कामाचा आजार आहे आणि त्यासाठी कामगार नुकसानभरपाई किंवा ईएसआयकडे हक्क मागता येतो. त्यासाठी हजेरीची कार्डं, पगाराच्या चिठ्ठ्या, जुने एक्स-रे जपून ठेवा. आणि विडी आजच सोडा.

या जुम्म्याला नमाजनंतर ट्रस्टींनी पाच मिनिटं काढून एकदा वर बघावं. छप्पर कशाचं आहे, ते शाबूत आहे का, हे वहीत लिहावं. कामाची सुरुवात तिथून होते, हातोड्यापासून नाही.