वांगावरील मलमांचा इतिहास : स्थैर्य आणि सौम्यता

मराठीत ‘वांग’ ह्या शब्दाने चेहऱ्यावरील ज्या काळसर डागांचा निर्देश होतो, त्यांवरील आधुनिक मलमांच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा कातडी कमावण्याच्या कारखान्यातून निघतो. तेथील कामगारांच्या हातांवर उमटलेले पांढरे चट्टे रबरी हातमोज्यांतील मोनोबेन्झोन ह्या द्रव्यामुळे उद्भवले होते, असे १९३९ साली अमेरिकेत ऑलिव्हर, श्वार्ट्झ व वॉरेन ह्यांनी दाखवून दिले. रबर टिकावे म्हणून ते द्रव्य त्यात मिसळलेले असे. पुढे त्याचा डागांवर प्रयोग झाला. परंतु त्याने रंगपेशीच नष्ट होत असल्यामुळे त्याच्याच कुळातील हायड्रोक्विनोन पुढे आले.

हायड्रोक्विनोन रंगद्रव्य घडविणाऱ्या टायरोसिनेज ह्या विकराला अडविते. मात्र हवेशी संयोग होताच स्वतः तपकिरी पडते. १९७५ साली क्लिगमन व विलिस ह्यांनी ५ टक्के हायड्रोक्विनोनला ०.१ टक्का ट्रेटिनॉइन व ०.१ टक्का डेक्सामेथासोन ह्यांची जोड दिली. ते मिश्रण गुणकारी, पण अस्थिर होते. २००२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या मलमात हायड्रोक्विनोन ४ टक्के व ट्रेटिनॉइन ०.०५ टक्के इतके उतरविण्यात आले, स्टिरॉइडही सौम्य निवडण्यात आले.

१९७५ सालीच दक्षिण आफ्रिकेत फिन्डले व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळेच चित्र मांडले. हायड्रोक्विनोनयुक्त मलमे वर्षानुवर्षे लावणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर निळसर-काळी, खरबरीत छटा उमटत होती. काळिमा घालविण्यास आणलेले औषधच काळिमा देऊन गेले. १९९० साली त्या देशाने प्रसाधनांतून हे द्रव्य हद्दपार केले.

ह्यानंतर स्थिर द्रव्यांचा शोध जोमाने चालला. जपानात २००८ साली मान्य झालेले ऱ्होडोडेन्ड्रॉल हे त्यांपैकीच होय. ते वापरणाऱ्या हजारोंच्या त्वचेवर पांढरे चट्टे उमटल्याने कानेबो कंपनीने जुलै २०१३ मध्ये ती प्रसाधने परत घेतली. ज्या विकराला अडवावयाचे, त्यानेच त्या द्रव्याचे रंगपेशींना घातक अशा क्विनोनमध्ये रूपांतर केले होते. हातमोज्यांची कथा चौऱ्याहत्तर वर्षांनी पुन्हा घडली.

निकोटिनामाइडचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. ते त्या विकराच्या वाटेस जात नाही. तयार झालेले रंगकण शेजारच्या पेशींत पोहोचण्यास तेवढे अटकाव करिते. त्याचा परिणाम मंद असतो, हे खरे. तथापि स्थैर्याची परीक्षा बाटलीत होते, सौम्यतेची मात्र त्वचेवर आणि दीर्घकाळाने. पहिलीतील यश हे दुसरीचे प्रमाण मानता येत नाही, हाच ह्या इतिहासाचा निष्कर्ष होय.