ऑब्जेक्ट आयात, कमांड लाइनवरून

व्यवसाय-सॉफ्टवेअरचे टेबल, पेज, रिपोर्ट, कोडयुनिट इत्यादी घटक फाइलमधून उचलून एका लेखी आज्ञेने डेटाबेसमध्ये बसवण्याची पद्धत. या घटकांना ऑब्जेक्ट म्हणतात. मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स नॅव्ह या प्रणालीत ही पद्धत विशेष रूढ झाली. नॅव्हचे मूळ १९८४ साली डेन्मार्कमध्ये निघालेल्या पीसी अँड सी या कंपनीत आहे. पुढे नॅव्हिजन झालेली ही कंपनी २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली.

नॅव्हमध्ये हिशेब आणि ते हाताळणारे प्रोग्राम सहसा एकाच डेटाबेसमध्ये राहतात. त्यामुळे आयात म्हणजे चालत्या दप्तरातच केलेला बदल होय. नॅव्ह २०१३ पासून फिनएसक्यूएल या प्रोग्रामला ‘इम्पोर्टऑब्जेक्ट्स’ ही आज्ञा देता येऊ लागली. तिच्यासोबत फाइल, सर्व्हर व डेटाबेस यांची नावे आणि लॉग फाइलची जागा लिहायची असते. फाइल दोन प्रकारची: ‘एफओबी’ ही बायनरी फाइल आणि साधी मजकुराची. मजकुराची फाइल जुन्या ऑब्जेक्टवर काही न विचारता लिहिली जाते आणि आत आलेला कोड नंतर वेगळ्या आज्ञेने कंपाइल करावा लागतो.

खरी जोखीम टेबलाची. सातारा-सांगलीकडच्या साखर कारखान्याचे उदाहरण घेता येईल. गळीत हंगामात वजनकाटा रात्रंदिवस चालू असतो. वजनपावतीच्या टेबलात सभासद क्रमांक, गट, उसाची जात, भरलेल्या व रिकाम्या गाडीचे वजन अशी फील्ड असतात. नव्या फाइलमधून ‘उसाची जात’ हे फील्ड वगळले गेले, तर नॅव्हच्या नंतरच्या आवृत्त्यांत पुढचा परिणाम आयातीच्या आज्ञेतल्या ‘सिंक्रोनाइझस्कीमाचेंजेस’ या सूचनेवर ठरतो. ‘येस’ असेल तर माहिती नष्ट करणारा बदल अडतो. ‘फोर्स’ असेल तर तो पुढे जातो आणि त्या फील्डमधली माहिती पुसली जाते. वजनपावतीतली माहिती शेतकऱ्याच्या बिलाचा आधार असते. म्हणून बॅकअप घेतल्याशिवाय आणि डेटाबेसच्या प्रतीवर चाचणी केल्याशिवाय ‘फोर्स’ वापरू नये, हे निक्षून सांगावे लागते.

उसाचे दप्तर संगणकावर आणण्याचा या भागातला गाजलेला प्रयत्न म्हणजे कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठीचा वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प (१९९८). त्याची प्रणाली नॅव्हहून वेगळी होती. पण गावोगावच्या ऊस-नोंदी एका यंत्रणेवर विसंबल्या की तिच्यातला प्रत्येक बदल किती जणांपर्यंत पोहोचतो, हे त्यावरून समजते.

बऱ्याच ठिकाणी एकच बदल करायचा असेल, तर या पद्धतीचा खरा फायदा दिसतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर हिशेब-सॉफ्टवेअरमध्ये नवी टेबले व रिपोर्ट घालावे लागले. असे काम आज्ञा ओळीने लिहिलेल्या बॅच फाइलने केले की प्रत्येक डेटाबेसवर तोच क्रम पाळला जातो.

नॅव्हचा वारस असलेल्या बिझनेस सेंट्रलमधून २०१९ च्या उत्तरार्धात फिनएसक्यूएल हे जुने विकसन-साधन काढून टाकण्यात आले. त्यानंतरच्या आवृत्त्यांत बदल ‘ॲप’ फाइलमधून येतात आणि ते पॉवरशेलच्या आज्ञांनी प्रकाशित, समक्रमित व स्थापित केले जातात.