बार कुठं धरता?

आमच्या घरात 'टाटा' म्हणजे ना मोटार, ना मीठ. "त्यांना टाटाला नेलंय" एवढं कुणी म्हटलं की ओसरीवरची माणसं गप्प व्हायची. रोगाचं नाव कुणी घेत नसे. आज्जी तर शेवटपर्यंत 'त्यो आजार' असंच म्हणायची.

तिच्या नवऱ्याला, आबांना, टाटाला नेलं तेव्हा ती पस्तिशीची असेल. साल तिला सांगता येत नसे. "चीनची लढाई झाली, त्येच्या दुसऱ्या उन्हाळ्यात," म्हणायची. म्हणजे १९६४ धरायला हरकत नाही. बार्शीहून छोट्या रुळांच्या गाडीने कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीने दादर. मुक्काम लालबागला, गावच्याच एका गिरणीवाल्याच्या खोलीत. रात्रपाळीची माणसं कामावर गेली की त्यांच्या वळकट्यांवर ही दोघं आडवी व्हायची.

परळचं ते टाटा हॉस्पिटल तेव्हा तेवीस वर्षांचं होतं. मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढच्या वर्षी दोराबजीही गेले, आणि मग त्यांच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू केलं. आज्जीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या लक्षात राहिला होता एक डॉक्टर, आणि त्याने विचारलेला प्रश्न.

"डागदरनं आधी तोंड बघितलंच न्हाई. इचारलं, बार कुठं धरता? ह्यांनी डाव्या गालाला बोट लावलं. मग त्येनं बॅटरी मारली, तर फोड तितंच!"

हे सांगताना दर वेळी तिचे डोळे मोठे व्हायचे. तिला तो देवऋषीच वाटला होता. त्यात जादू नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पॅथॉलॉजिस्ट वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ सालीच मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या एक हजार रुग्णांचा आढावा छापला होता. चंचीतल्या तंबाखू-चुन्याचा बार तासन्‌तास ज्या गालात दाबून ठेवायचा, फोड बहुधा त्याच गालात. मला जादू वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: परळच्या डॉक्टरला 'बार' हा शब्द ठाऊक होता.

मग त्याने जबड्याखाली, मानेला बोटांनी चाचपून गाठी पाहिल्या आणि तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचा अहवाल आल्यावर 'लाईट', म्हणजे रेडिएशन, द्यायची ठरली, पण त्याआधी दात काढायचे म्हणाला. आज्जी भडकली. आजार गालाला, मग दात का? बाजूला फेटा बांधलेले थोरले दीर उभे होते, पण डॉक्टरने समजावलं ते तिला. लाईटीने जबड्याचं हाड कमजोर होतं, नंतर दात काढावा लागला तर जखम भरत नाही. "माज्याशी बोलला," ती म्हणायची. आबांना लाईट दिली त्यापेक्षा याचंच तिला जास्त अप्रूप होतं.

आबा पुढे दोन पावसाळे जगले. फोडावर आठ महिने तुरटी आणि हळद लावून झाल्यावर ते परळला पोचले होते.

आत्याची गोष्ट पंचवीस वर्षांनंतरची. तोवर बार्शीतच नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल झालं होतं. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम हे तीन तालुके, साडेतीनशेच्या आसपास गावं. नोंदणीची माणसं गावोगाव हिंडून नोंदी घ्यायची, पण वही मिटून निघून जायची नाहीत. लक्षणं सांगायची, दुखणाऱ्याला बार्शीला यायला भाग पाडायची.

आत्याच्या अंगणात त्यांतलीच एक बाई आली. आत्या ज्वारी निवडत होती, ती बाईही सुपाशी बसली. खडे वेचता वेचता विचारलं, "पाळी गेल्यावर परत अंगावर जातंय का?" आत्या म्हणाली, न्हाई. महिन्याने बाई पुन्हा आली. पुन्हा न्हाई. तिसऱ्या खेपेला आत्याने सुपातून नजर न उचलता विचारलं, "यष्टी किती वाजता हाय?"

वेळेवर सापडलं. बाहेरून लाईट, मग आतून लाईट. त्या आतल्या लाईटीबद्दल ती पुरुषांसमोर बोलत नाही आणि बायकांपासून काही लपवत नाही.

याच बार्शीच्या माणसांनी पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष आला: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा केली तरी त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. जगभर त्याचा दाखला देतात. अभ्यासातल्या एका गटातल्या बायकांची मात्र तपासणी झाली नाही, त्यांना नुसती माहिती दिली. त्यावरून पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. निम्मे हा आकडा कळायला त्या बायकांचीही मोजदाद लागली.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. मागच्या दिवाळीत भावकीतली एक सून तिच्याशेजारी करंज्या लाटत बसली होती. बराच वेळ काहीतरी हळू आवाजात चाललं होतं. मी दारात आलो तशा दोघी थांबल्या. आत्याने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"बार्शीची यष्टी अजून आठलाच सुटती का रं?"