मेलबर्नची साळुंकी

निवृत्तीनंतर मी सहा महिने मुलीकडे मेलबर्नला राहिलो, तेव्हाची गोष्ट. पहिल्या सकाळी जाग आली ती पक्ष्यांच्या आवाजाने, आणि त्यातला एकही ओळखीचा नव्हता. कुकाबरा तर माणसासारखा खदाखदा हसतो! एवढ्यात मागच्या हिरवळीवर साळुंकी दिसली. तीच पिवळी चोच, तीच तुरुतुरु चाल. माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. मी पोळीचा तुकडा टाकला. कुंपणापलीकडून शेजारच्या आजी म्हणाल्या, "तिला खायला घालू नका, ती इथली नाही." मला जरा लागलं. मी तरी कुठे इथला होतो?

मग ती तिथे आली कशी? 1835 पासून गोरे वसाहतवाले मेलबर्नच्या परिसरात स्थायिक होऊ लागले. त्यांनाही तिथलं रान परकं वाटलं. काळ्या-पांढऱ्या एका पक्ष्याला त्यांनी आपल्याकडच्या मॅगपायचं नाव दिलं, जरी त्या दोघांचं जवळचं नातं नाही. नावावर भागलं नाही, तेव्हा प्राणीच मागवले. 1859 मध्ये थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीसाठी इंग्लंडहून ससे आणवले. पुढे सशांनी कुरणं फस्त केली. 1861 मध्ये परदेशी पशुपक्षी रुजवण्यासाठी मेलबर्नमध्ये चक्क एक संस्था निघाली. 1862 मध्ये पिकांवरचे किडे खायला साळुंकी आली आणि 1883 मध्ये क्वीन्सलंडच्या उसातही पोचली. किडे ती खातेच, पण घरटं झाडाच्या ढोलीत करते. निलगिरीच्या झाडाला मोठी ढोली पडायला शंभराहून जास्त वर्षं लागतात, आणि त्याच ढोल्यांवर रोझेला पोपटांची पिल्लं वाढतात. आजींचं म्हणणं एवढंच होतं.

ज्यांच्या भूमीवर हे शहर उभं आहे, त्या वुरुंड्जेरी लोकांच्या परंपरेत बुंजिल हा गरुड सृष्टी घडवणारा आणि वा हा कावळा रक्षण करणारा. पितृपक्षात कावळ्याची वाट पाहणाऱ्या आपल्याला हे समजायला काय अवघड आहे? पण त्यासाठी आधी विचारावं लागतं, आणि वसाहतवाल्यांनी फारसं विचारलं नाही.

शेवटी एक कबुली देतो. तर्कशास्त्राच्या वर्गात मी वर्षानुवर्षं सांगत आलो, की 'सगळे हंस पांढरे असतात' हे विधान एका काळ्या हंसाने खोटं ठरतं. 1697 मध्ये विलेम डी व्लामिंग या डच खलाशाला पश्चिम ऑस्ट्रेलियात असे हंस दिसले, आणि युरोपचा समज मोडला. एका संध्याकाळी अल्बर्ट पार्कच्या तळ्यावर ते काळे हंस मी प्रत्यक्ष पाहिले. तेव्हा लक्षात आलं, की या उदाहरणातलं आश्चर्य फक्त बाहेरून आलेल्याचं आहे. तिथल्या मूळ लोकांना हंस काळाच असतो हे हजारो वर्षं ठाऊक होतं. माझ्या वर्गात मात्र ते कधी आलेच नाहीत.

साळुंकी रोज येत राहिली. पोळी टाकणं मी बंद केलं. आजींकडून मात्र रोज एका पक्ष्याचं नाव शिकत गेलो.