रिसीव्ह रिंग बफर

नेटवर्क कार्डावर येणारी पॅकेट मुख्य मेमरीत उतरवून घेण्यासाठी ड्रायव्हर आणि हार्डवेअर यांनी सामाईक वापरलेली वर्तुळाकार यादी. यादीतील प्रत्येक नोंदीत, म्हणजे डिस्क्रिप्टरमध्ये, एका रिकाम्या बफरचा पत्ता असतो. कार्ड डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, पॅकेट तेथे लिहिते, त्याची लांबी नोंदवते आणि ‘पूर्ण’ अशी खूण करते. ड्रायव्हर भरलेला बफर वरच्या थराकडे सोपवतो, त्याच्या जागी रिकामा बफर लावतो आणि मगच टेल पॉइंटर, म्हणजे कार्डाला कुठवरचे बफर वापरता येतील हे सांगणारी खूण, पुढे सरकवतो. खरी मेख या क्रमातच आहे. नवा पत्ता मेमरीत पोचण्याआधी पॉइंटर हलला, तर कार्ड जुन्याच पत्त्यावर लिहून भलत्याचीच माहिती पुसू शकते. म्हणून दोन्ही कृतींच्या मध्ये मेमरी बॅरियर, म्हणजे लेखनांचा क्रम राखणारी सूचना, घालतात. नवा बफर मिळालाच नाही, तर अनेक ड्रायव्हर आलेले पॅकेट टाकून देतात व जुनाच बफर पुन्हा लावतात, कारण रिंगमध्ये रिकामे बफरच न उरणे त्याहून वाईट.

वर्दळ वाढली की लिनक्समधील नापी ही यंत्रणा कार्डाचे इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला मध्येच दिलेल्या हाका, थांबवून पॅकेट घोळक्याने उचलते.

अशा मोठ्या वर्दळीचे एक उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यात खोडद येथे असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांचे अंकीकृत संकेत आधुनिकीकरणानंतर 10 गिगाबिट इथरनेटवरून जीपीयू असलेल्या संगणकांकडे जातात. अशा प्रवाहात रिंग भरली, तर पॅकेट गुपचूप गळते आणि फक्त कार्डाचा गणक वाढतो. आकाश काही तोच संकेत पुन्हा पाठवत नाही. रिंग मोठी केल्याने क्षणिक लोंढा सोसतो, पण सततच्या संथ वाचनावर तो इलाज नव्हे.