सणाच्या गोडाचा हिशेब

दिवाळी जवळ आली की आपल्या पोरांत एक वाद ठरलेला. धम्म घेतला, देव्हारा काढला, मग घरात करंज्या-लाडू कशाला? एक म्हणतो, फराळ म्हणजे मागल्या दारानं परत आलेला धर्म. दुसरा म्हणतो, शेजारी कढई चढली की आपली लेकरं दारात उभी राहतात, त्यांनी काय गुन्हा केला? दोघंही तापतात, चहा पितात आणि उठतात. वाद पुढच्या दिवाळीपर्यंत तसाच.

दोस्तांनो, माझं म्हणणं एवढंच की आधी या गोडाचा इतिहास बघू. सण कुणाचा ते पंचांग सांगतं. गोड कुणाचं, ते पंचांगात लिहिलेलं नाही.

पुरणपोळीत असतं काय? गहू, हरभऱ्याची डाळ, गूळ, वर तूप. पैकी गूळ घ्या. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळतो. भेंडीचा चिकट रस टाकला की मळी वर येते, ती काढायची. गुळव्या पाक बघतो. आणि खाली चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस तासन् तास आगीच्या तोंडाशी बसलेला असतो. 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण चुलवाणापुढच्या माणसाचं नाव ढेपेवर येत नाही.

ही विद्या इथली, आणि फार जुनी. विनयपिटकात आजारी भिक्खूला पाच औषधं चालतात असं सांगितलंय : तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित. फाणित म्हणजे आपल्या काकवीसारखं. त्या संघात उपाली न्हावी होता, सफाईचं काम केलेला सुनीत होता. तिथं तूप-काकवी कुणाला, तर आजाऱ्याला. जात विचारून नव्हे. पुढं 647 साली चीनच्या सम्राटानं साखर करायची रीत शिकायला माणसं धाडली, ती मगधाला. ज्या मुलखात बुद्धानं धम्म सांगितला, त्याच मुलखात जग साखर शिकायला आलं.

मग हेच गोड आपल्या ताटातून गेलं कसं?

गेलं ते गावगाड्यात. गावाची कामं करायची महारानं, आणि पोट भरायचं बलुत्यावर. येसकर पाळीचा माणूस काठी वाजवत दारोदार फिरायचा. सणाच्या दिवशी त्याच्या टोपलीत पोळीचे तुकडे पडायचे, आमटी पडायची, वरून, अंग न लागू देता. आपल्या आज्या-पणज्यांनी पुरणपोळी खाल्ली नाही असं नाही. खाल्ली. पण उरलेली, शिळी, दुसऱ्याच्या चुलीवरची. आणि त्यालाच हक्क म्हणायचं शिकवलं होतं.

स्वतःच्या पैशानं गोडधोड केलं तर? 1936 साली जयपूर संस्थानातल्या चकवारा गावात एका अस्पृश्यानं तीर्थयात्रेहून परत आल्यावर आपल्या लोकांना जेवण घातलं. वाढताना तूप वाढलं. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्नाची नासाडी केली, पंगतीला बसलेल्यांना मारलं. गुन्हा काय, तर तूप. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात ही घटना नोंदवून ठेवलीय. ताटातलं शिळं चालत होतं. वाटीतलं ताजं तूप चाललं नाही. सगळं गणित इथं आहे.

म्हणून मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब पाण्याबरोबर अन्नाचंही बोलले. मेलेलं ढोर ओढून खाणं सोडा, शिळे तुकडे मागणं सोडा. 1928 साली त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाबद्दलचं विधेयक मांडलं. ती वतनं कायद्यानं जायला 1958 साल उजाडलं. पण टोपली त्याआधीच कितीतरी घरांनी फेकून दिली होती.

टोपली गेल्यावर गोड गेलं का? नाही. आयांनी आपल्या चुलीवर केलं. आखाडात गुळाच्या कापण्या, पाहुणा आला तर गुळवणी, खुटाखुटा दळलेल्या गव्हाची लापशी. तूप नसलं तर तेल. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळाली, तीही गोडसर. ती कुणाची भीक नव्हती, दगड फोडल्यावर मिळालेली होती. गिरणीतला बोनसही तसाच. दिवाळीला मालक भेट देतो असं म्हातारे अजून म्हणतात. भेट कसली? 1965 च्या कायद्यानं तो हक्क ठरला. त्या पैशातून आणलेली साखर आपली साखर.

आणि 14 ऑक्टोबर 1956 नंतर आपल्या सणाला आपलं गोड मिळालं. सुजातेनं सिद्धार्थाला दिलेली खीर बुद्ध पौर्णिमेला घरोघर शिजते. कुणाकडं मागावी लागत नाही.

इथं थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण खिरीतली साखर कुठनं येते? 1950 साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचं ते मोठं काम, मान्य. मागून कारखान्यांची रांग लागली. सभासदाला दिवाळीला सवलतीत साखर मिळते. ऊस तोडणारा सभासद नसतो. तो बीडकडनं येतो, भूमिहीन, दलित, वंजारी, आदिवासी. मुकादमाची उचल फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता. राहायला कोपी. एक दिवस पडून राहिलं की खाडा, त्याचे पैसे कापतात. बाईला पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही. 2019 साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं.

हा आकडा वाचून मग करंजी खायची की नाही यावर भांडा.

ज्याला फराळ नको त्यानं करू नये. ज्या आईनं लेकरांसाठी चार लाडू वळले तिला हिणवू नये, लाडवानं धम्म बाटत नाही. धम्म बाटतो तो टोपली पुढं केल्यानं, आणि आता आपणच दुसऱ्याच्या टोपलीत वरून टाकल्यानं. म्हणून यंदा हंगाम सुरू झाला की जवळच्या फडावर जा. खीर न्या, पण वाटायला म्हणून नको. कोपीसमोर त्यांच्या पंगतीला बसून खा. सोबत वही न्या. उचल किती घेतली, टनाला काय भाव मिळतो, खाडे किती लावले, दवाखान्यात कुणी पाठवलं, सगळं त्यांच्या तोंडून उतरून घ्या. सणाच्या गोडाचा हिशेब आजवर कुणी लिहिला नाही. तो आपल्याला लिहायचाय.