तळटीप : ‘सॉलोमन बेटांवरचा विषारी बाण’

संग्रहालयातील चिठ्ठीवरचे हे शब्द लेखकाने जसेच्या तसे उचलले आहेत. त्यातले दोन्ही दावे शंकास्पद आहेत. मेलानेशियातील बाणांना बहुधा पिसे नसतात. बोरूची काडी, पुढे कठीण लाकूड आणि टोकाला कधी माणसाचे हाड, अशी त्यांची बांधणी. हाडाच्या टोकावरून बेट ओळखता येईल, असे कोणी म्हणेल. पण अशी टोके आजच्या सॉलोमन बेटांत मोडणाऱ्या सांताक्रूझ बेटांवर होती, तशी दक्षिणेला व्हानुआटूतही होती. शिवाय बाण बेटाबेटांच्या देवघेवीत फिरत, आणि एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय खलाशांनी ते जिथे घेतले तोच किनारा पुष्कळदा त्यांचे मूळ म्हणून नोंदला गेला. ‘विषारी’ हे विशेषण तर बेटवासीयांवर अन्याय करणारे आहे. ब्रिटिश नौदलाचे कमोडोर गुडइनफ १८७५ साली सांताक्रूझला बाण लागून दगावले, हा पुरावा नेहमी पुढे केला जातो. पण त्यांचा मृत्यू धनुर्वाताने झाला. मिशनरी कॉड्रिंग्टन यांच्या १८९१ च्या ग्रंथानुसार बाण करणाऱ्यांचा खरा भरवसा मृताच्या हाडातील ‘माना’ या अलौकिक शक्तीवर असे. म्हणून वाचकांनी येथे ‘हाडाच्या टोकाचा बाण, सांताक्रूझ किंवा व्हानुआटू’ असे वाचावे.